गाडीचं गाऱ्हाणं: २५५चा पंप टाकू का?

प्रश्न: माझ्याकडं २००४ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस आहे, १.८ टर्बो पेट्रोल, मामाकडनं घेतलेली. गावात काहीच प्रॉब्लेम नाही पण हायवेला तिसऱ्या-चौथ्या गिअरला फुल पाय दाबला की ४००० आरपीएमच्या पुढं गाडी अडखळायलीय, कोणीतरी मागून धरल्यासारखं. आमचा मिस्त्री म्हणायलाय टाकीतला पेट्रोलचा पंप वीक झालाय. रिमॅप करणारा (म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून पॉवर वाढवणारा) म्हणायलाय की आपल्याला पॉवर वाढवायचीच आहे तर आत्ताच तासाला २५५ लिटर ढकलणारा पंप टाका, नंतरची कटकट नको. ऑनलाइन बघून ठेवलाय, स्वस्तात मिळायलाय. घेऊन टाकू का? – एक वाचक, लातूर

उत्तर: थांबा जरा, राहू द्या त्याला कार्टमधेच.

ही गाडी मलापण लै आवडते हे आधीच सांगून टाकतो. ऑक्टाव्हिया म्हणजे आपल्या शेंद्र्याच्या कारखान्यात जोडलेली गाडी, त्यामुळं संभाजीनगरच्या जुन्या फिटर लोकांना तिची नस माहीत आहे. युरोपात ही आरएस १८० हॉर्सपॉवरची यायची, आपल्याला दिली १५०ची, म्हणून ज्याच्याकडं ही गाडी आहे त्याच्या डोक्यात रिमॅपचा किडा वळवळतोच, त्यात तुमचा दोष नाही.

आता हिशोब करू, सोपा आहे. टर्बो पेट्रोल इंजिन फुल दाबलं की एका हॉर्सपॉवरमागं तासाला साधारण २७० ग्रॅम पेट्रोल पितंय, म्हणजे जवळजवळ ०.३७ लिटर. १५० हॉर्सपॉवरला झाले तासाला ५५ लिटर. रिमॅप करून १९० झाली असं धरा, तर ७० लिटर. त्यावर ३० टक्के शिल्लक ठेवा, वर आता पेट्रोल पंपावर मिळतंय ते ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं, आणि त्यात दम कमी असल्यामुळं तेवढ्याच ताकदीला सहा-सात टक्के जास्त लागतंय तेपण धरा, तरी गाडं १०० लिटरच्या आतच थांबतंय. मग २५५ कशाला? लग्न घरचं आणि मंडप अख्ख्या तालुक्याचा.

आणि मोठा पंप म्हणजे नुसता जास्तीचा खर्च नाही, त्याचा त्रासपण आहे. तुमच्या गाडीत जास्तीचं पेट्रोल इंजिनपासून रिटर्नच्या नळीनं परत टाकीत येतंय. गाडी सिग्नलला उभी असताना इंजिनाला लागतंय तासाला लिटरभर आणि पंप ढकलतोय अडीचशे, बाकी सगळं त्या बारीक नळीतून आणि पेट्रोलचं प्रेशर सांभाळणाऱ्या रेग्युलेटरमधून परत जायचं. नळी पुरली नाही की आयडलला प्रेशर वर चढतं, मिक्श्चर रिच होतं म्हणजे त्यात पेट्रोल जास्त होतं, पेट्रोलचा वास येतो, अॅव्हरेज बसतं. त्यात आपल्याकडचा मे महिना. टाकीत १५ लिटर असेल तर तेच पेट्रोल दर साडेतीन-चार मिनिटाला गरम बॉनेटखालून एक चक्कर मारून येणार. पंप टाकीत बुडालेला असतो, तो थंड राहतो तो याच पेट्रोलमुळं, आणि तेच तापलं तर त्यानं जायचं कुठं. म्हणून उन्हाळ्यात टाकी पाव भागाच्या खाली जाऊ देऊ नका, पंप कोणताही असो.

आता मुळातला प्रश्न, अडखळते कशामुळं. पंप खराब आहे हे मिस्त्रीनं गेज लावून सांगितलं का ऐकून सांगितलं? फ्युएल रेलला, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल वाटणाऱ्या पाइपला, प्रेशर गेज लावायला सांगा. गाडी आयडलला असताना अडीच बारच्या आसपास दिसायला पाहिजे, रेग्युलेटरची व्हॅक्यूमची नळी काढली की ३ बार. पण खरी परीक्षा लोडवर. टर्बोनं अर्धा बार हवा भरली तर पेट्रोलचं प्रेशरपण अर्धा बार वर गेलं पाहिजे, म्हणजे साडेतीन. त्यासाठी लांब पाइपचा गेज घ्या आणि बाहेरून काचेवर वायपरखाली चिकटपट्टीनं बसवा, केबिनमधे बिलकुल आणू नका, त्या पाइपात पेट्रोल असतंय. शेजारी एकजण गेज बघायला बसवा, मोकळा रस्ता बघून तिसऱ्या गिअरला ओढा. पाय दाबल्यावर काटा वर जायच्या ऐवजी खाली यायला लागला तर पेट्रोल पुरत नाही हे पक्कं, आणि तसं असेल तर त्याच मिनिटाला पाय काढा कारण टर्बो गाडी लीन झाली, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडलं, की नॉकिंग (सिलिंडरमधे अवेळी भडका) होऊन पिस्टनला भोक पडतंय. काटा साडेतीनवर ठाम आणि गाडी तरीपण अडखळायलीय तर पंपाला हात लावू नका. २० वर्षांच्या इग्निशन कॉइल, जास्त गॅप झालेले प्लग, टर्बोची कुठंतरी फुटलेली हवेची नळी, यातलं काहीपण असू शकतं. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची सवय आहे आपल्या गॅरेजमधे.

बरं, काटा खाली आला असं समजू. तरी लगेच पंप नाही. आधी फिल्टर, गाडीखाली टाकीजवळ असतो, मामानं कधी बदलला होता विचारा, उत्तर काय येणार मला माहितीय. मग व्होल्टेज. मागची सीट उचला, खाली गोल झाकण आहे, त्यावर बोटभर धूळ असणार, ती आधी ब्रशनं झाडा नाहीतर सगळी टाकीत. इंजिन चालू ठेवून पंपाच्या सॉकेटवर मल्टिमीटर लावा आणि मग बॅटरीवर लावा. बॅटरीवर १३.८ आणि पंपाला १२ मिळत असतील तर पंप बिचारा अर्ध्या पगारावर काम करायलाय. बऱ्याच जणांचा "नवीन पंप" म्हणजे खरंतर साफ केलेलं सॉकेट आणि घट्ट केलेलं अर्थिंग असतं.

वायरच बारीक पडत असेल तर बॅटरीवरनं ४ स्क्वेअर एमएमची वायर, बॅटरीजवळच फ्यूज आणि मधे रिले टाकून घ्या. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, रिलेचा ट्रिगर पंपाच्या जुन्याच वायरवरनं घ्यायचा. काही वायरमन डायरेक्ट इग्निशनवरनं देतात, काम होतंय, पण मग अॅक्सिडेंटमधे इंजिन बंद पडलं तरी पंप पेट्रोल ओततच राहणार. ECM, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, सुरक्षेसाठी पंप बंद करतो ती सोय घालवू नका.

एवढं करून पंपच गेलेला निघाला तर ओरिजनल स्पेकचा चांगला घ्या, १९० हॉर्सपॉवरपर्यंत आरामात चालतो. स्वस्तातला २५५ बहुतेक बनावट असतो, बॉक्स एकदम खरा, आतली मोटर कुठली देव जाणे.

बसवताना टाकीतल्या नळीकडं बघा. इथं मी स्वतः शेण खाल्लेलंय. माझ्या एका जुन्या गाडीत पंप बदलला आणि आतली छोटी नळी तुटली म्हणून दुकानातनं साधी पेट्रोलची नळी फूटभर कापून आणली, पेट्रोलचीच तर आहे म्हणून. चार महिन्यांनी कन्नडच्या घाटात गाडी मरतुकडी झाली. पंपाचा आवाज झकास, प्रेशर नाही. उघडून बघतो तर नळी बाहेरून फुगून मऊ पडलेली, क्लॅम्पपाशी फाटलेली, आणि पंप मजेत टाकीतलं पेट्रोल टाकीतच सोडत होता. साध्या नळीचं आतलं अस्तर पेट्रोल सहन करतं, बाहेरचं नाही, आणि टाकीत तर ती दोन्हीकडून भिजलेली असते. पेट्रोलमधे बुडवायची नळी वेगळी मिळते, तिच्यावर एसएई जे३० आर१० छापलेलं असतं, महाग आहे, पण लागते वीतभरच.

झाकणाची मोठी प्लास्टिक रिंग लाकडाच्या ठोकळ्यानं हळूहळू फिरवा, लोखंडी छिन्नी नको, ठिणगी पडायला किती वेळ लागतो. बॅटरीची निगेटिव्ह आधीच काढा. रबरी सील नवीन आणून ठेवा, जुनं एकदा काढलं की फुगतं आणि परत बसत नाही. पेट्रोल किती आहे ते दाखवणाऱ्या फ्लोटची दांडी वाकली की आयुष्यभर टाकी पाऊणच दाखवणार.

रिमॅप त्यानंतर करा, आणि ज्याच्याकडनं कराल त्याला गेजचा आकडा दाखवून करा.

प्रश्न: पालिओ १.६ आहे. सकाळी एका सेल्फला चालू, दुपारी बाजारात अर्धा तास उभी केली की दहा सेल्फ मारावे लागतात. पंप बदलू का? – वाचक, परभणी

उत्तर: चावी नुसती ऑन करा, पंपाची दोन सेकंद घूं ऐकू येईल, बंद करा, परत ऑन, असं तीनदा करून मग सेल्फ मारा. लगेच चालू झाली तर गाडी उभी असताना प्रेशर उतरायलंय. पंपाचा चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल मागं येऊ न देणारा) गेला असेल नाहीतर एखादा इंजेक्टर गळत असेल, आणि गळका इंजेक्टर असेल तर पंप बदलून पैसे पाण्यात. रिटर्नची नळी दाबून धरून गेज बघितला की रेग्युलेटर दोषी आहे का तेपण कळतं.

प्रश्न: कॉन्टेसाचा मेकॅनिकल पंप संपलाय. भंगारात इंजेक्शन गाडीचा इलेक्ट्रिक पंप मिळाला, तो चालेल ना? – वाचक, बीड

उत्तर: नाही. कार्बोरेटरला चार-पाच पीएसआय पुष्कळ झाले, हा पंप देतो ४०च्या वर. फ्लोटची सुई उचलून पेट्रोल वरून वाहणार, खाली गरम मॅनिफोल्ड. कार्बोरेटरसाठीचा कमी प्रेशरचा इलेक्ट्रिक पंप मिळतो, तो टाकीजवळ खाली बसवा, कारण त्याला ढकलायला जमतं, ओढायला नाही.