मुलीचं नाव 'सुजाता' ठेवायचं म्हणतोय. अर्थ काय? नावावरून समाज कळतो, म्हणून टाळावं का?

माझंच नाव सुजाता, म्हणून लिहिते.

सु-जाता, जिचा जन्म चांगला झाला ती. उरुवेलेला सिद्धार्थाला खीर देणारी सुजाता तुम्हाला माहीत असेलच. सातवीत आमच्या सरांनी मात्र अर्थ सांगितला, "उच्च कुळात जन्मलेली." मग हजेरीपट उचलून मोठ्याने वाचलं, "सुजाता कचरू." अख्खा वर्ग हसला.

घरी येऊन रडत पप्पांना म्हटलं, तुमचं नाव बदलून घ्या, राजपत्रात देता येतं. १९५६ ला पप्पा बारा वर्षांचे होते, आजोबांचं बोट धरून नागपूरला दीक्षेला गेलेले. ते चिडले नाहीत. म्हणाले, "कचरू मला ठेवलेलं, सुजाता मी ठेवलेलं. दोन्ही एका ओळीत राहू दे. वाचणाऱ्याला वाचू दे." दहावीच्या सर्टिफिकेटपासून नोकरीच्या ऑर्डरपर्यंत ती ओळ तशीच आहे.

मनुस्मृतीचा दुसरा अध्याय काढून बघा. ब्राह्मणाचं नाव मंगल, क्षत्रियाचं बळाचं, वैश्याचं धनाचं आणि शूद्राचं जुगुप्सित, म्हणजे किळस यावी असं. बाबासाहेबांच्या सत्याग्रहात २५ डिसेंबर १९२७ ला महाडला ती जाळली, ती उगाच नाही. आणि वसलसुत्तात बुद्ध सांगतात की जन्माने कोणी नीच होत नाही आणि जन्माने कोणी ब्राह्मणही होत नाही. मग प्रत्येक लेकरू सुजातच. सरांनी त्यात कुळ घुसडलं. शब्दात फक्त जन्म आहे.

समाज कळेल ही भीती माझ्या थोरल्या भावालाही आहे. पोरांची नावं त्याने कोणाला काही कळू नये अशी ठेवली. तो त्याचा प्रश्न. पण पुतणीच्या लग्नपत्रिकेत त्याने 'कालकथित के. आर. यांची नात' छापलं. का, तर सोयरे मोठ्या घरचे! मी हळदीच्या दिवशीच भांडले, तेव्हापासून आमचं बोलणं तुटक आहे. दादा, बापाने जे नाव मान वर करून सांगितलं, ते तू एका अक्षरावर आणलंस.

आता हेही खरं की कचरू, दगडू, धोंडू ही नावं बऱ्याच जातींत होती. मूल जगत नसलं की दृष्ट लागू नये म्हणून ठेवायचे. पप्पांच्या आधीची दोन गेली होती. आजीने त्यांना उकिरड्यावर लोळवून उचललं, तिच्या तोंडी ते मायेचंच नाव होतं. महर्षी कर्वेही धोंडो. पण त्यांना लोक अण्णा म्हणाले, आणि आमच्या पप्पांना गावाने म्हातारपणीही 'कचऱ्या'च म्हटलं.

भाड्याचं घर शोधताना त्रास होतो, तेही खोटं नाही. पण घरमालक आडनाव विचारतोच, तिथे पहिलं नाव काय कामाचं?

सुजाताच ठेवा. आणि दाखल्यावर बापाचं नाव, जे असेल ते, पूर्ण लिहा.