चिखलात कोणाचं ऐकायचं?

प्रश्न : आम्ही चार मित्रांनी मिळून सेकंडहँड थार घेतली आहे. जुलैत वेल्ह्याकडे ऑफरोडिंगला जायचं ठरतंय. आई म्हणते, एकटा गेलास तरी चालेल, पण या टोळक्याबरोबर नको. चारही चाकांना ताकद देणारी फोर-बाय-फोर गाडी असताना एवढं काय घाबरायचं, काका?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : आईचं निम्मं बरोबर आहे. एकट्याने तर मुळीच जायचं नाही. रुतलेली गाडी ओढायला दुसरी गाडी लागतेच. पण टोळक्याचं जे ती म्हणते, ते मी भोगलंय.

माझ्या जिप्सीत आम्ही पाच जण होतो. ओढा आडवा आला. खरं तर उतरून काठीने तळ चाचपायचा, पाणी अर्ध्या चाकाच्या वर असेल तर मुकाट मागे फिरायचं. मागून तिघे ओरडले, "घाल रे, जातीय!" घातली. मधोमध इंजिन बंद. तेच तिघे परत, "सेल्फ मार!" मारला. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं होतं, आणि पाणी काही हवेसारखं दाबलं जात नाही. पिस्टनचा दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, वाकला. साध्या विम्यात हे बसत नाही, इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं, हेही तेव्हाच कळलं. बिल आलं तेव्हा मात्र तिघांचे आवाज बसले होते.

तुमची थार २०२० नंतरची असेल, तर कंपनी ६५० मिमी पाण्याचा आकडा देते. त्या आकड्यावर विसंबू नका. ओढ्याचं पाणी वाहतं असतं, ते गाडीला बाजूला ढकलतं.

तेव्हापासून माझ्या गाडीत एकच नियम. एक जण खाली उतरून पुढे उभा राहतो आणि मी फक्त त्याच्या हातांकडे बघतो. बाकीच्यांनी तोंड बंद ठेवायचं. गाडी ओढताना पट्टा चासीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, हुकालाच लावा. मागचा ट्रेलर जोडायचा गोळा तुटला तर गोळीसारखा येतो. पट्टा ताणला की सगळ्यांनी लांब. चिखलासाठी टायरची हवा २० पीएसआयपर्यंत उतरवा, पण डांबरी लागायच्या आत परत भरा. पंप सोबत हवा.

आता मजेचं. लो रेशो (वेग कमी, ताकद जास्त), पहिला गिअर, ॲक्सिलरेटरवरून पाय काढलेला, आणि गाडी ओल्या कातळावर स्वतःच इंच इंच चढतेय. आत कुणी श्वाससुद्धा मोठ्याने घेत नाही. त्यासाठी मी अजून जातो, साठी उलटली तरी.

आणि हो, जुलैत तिकडे भातलावणी चालू असते. वाट सोडून खाचरात घुसलात, तर गाडी काढायला ट्रॅक्टर त्याच शेतकऱ्याकडे मागावा लागेल.