औलीचा बर्फ कधी गाठावा?

प्रश्न : फेब्रुवारीत पुण्याहून मुलांना व सासूबाईंना घेऊन औलीला जाण्याचा विचार आहे. मुलांना स्कीइंग शिकायचे आहे. आखणी कशी करावी?

उत्तर : महिना योग्य निवडलात. औलीचे उतार साधारण २,५०० ते ३,००० मीटर उंचीवर असून जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत तेथे बर्फाची शक्यता सर्वाधिक असते. अर्थात, ती शक्यताच. अलीकडे हिमवृष्टी लांबते किंवा अपुरी होते, म्हणून हंगामाच्या आरंभीच आरक्षण करून मोकळे होण्याची घाई करू नये.

हरिद्वार किंवा ऋषिकेशहून जोशीमठपर्यंतचा सुमारे अडीचशे किलोमीटरचा घाटरस्ता देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग असा जातो आणि त्यात अख्खा दिवस मोडतो. सासूबाई बरोबर असल्याने वाटेत एक मुक्काम करावा, हे उत्तम. जुन्या प्रवासवर्णनांत जोशीमठ-औली रोपवेची तोंडभरून स्तुती आढळते. परंतु जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचू लागल्यावर तो बंद करण्यात आला, त्यामुळे वरचा टप्पाही गाडीनेच गृहीत धरावा. ताज्या बर्फावर चाकांना साखळ्या लावणारा स्थानिक चालकच घ्यावा.

गढवाल मंडल विकास निगमातर्फे स्कीइंगचे निवासी वर्ग चालतात. मुलांच्या वयाची अट आधी विचारून घ्यावी. एका दिवसात मुले पडायला आणि उठायलाच शिकतात, तेव्हा किमान तीन दिवस हाताशी ठेवावेत. बूट तेथे भाड्याने मिळतात, मात्र लोकरी मोजे घरूनच न्यावेत.