अ‍ॅक्टर, म्हणजे एकमेकांना मेसेज पाठवणारे ऑब्जेक्ट वापरले, की थ्रेड (प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणारी कामं) आणि लॉक (एकाचं होईपर्यंत दुसऱ्याला थांबवणारी कुलपं) यांची कटकट संपते का? माझं सॉफ्टवेअर तीन सर्व्हरवर चालतं.

लॉकची संपते, नेटवर्कची संपत नाही. तुमचे सर्व्हर तीन आहेत म्हणून सांगतो.

मी जळगावात केळी व्यापाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. रावेर-सावद्याकडे शेतातच माल काट्यावर चढतो आणि वजन मोबाइलवरून सर्व्हरला येतं. एका ट्रकमध्ये दोन-तीन शेतांचा माल असतो. आधी सगळे थ्रेड ट्रकचं एकूण वजन थेट बदलायचे. एकदा दोघांनी एकाच क्षणी ६० क्विंटल वाचलं. एकाने ८ मिळवून ६८ लिहिले, दुसऱ्याने ५ मिळवून त्यावरच ६५ लिहिले. हवे होते ७३. एका शेतकऱ्याचे ८ क्विंटल हिशेबातून गेले, आणि ते मला फार लागलं.

मग प्रत्येक ट्रकचा एक अ‍ॅक्टर केला. त्याची स्वतःची मेलबॉक्स, एका वेळी एकच मेसेज, आणि त्याच्या आकड्याला दुसरं कोणी हात लावत नाही. कार्ल ह्युइट आणि सहकाऱ्यांनी ही कल्पना १९७३ साली मांडली. एरिक्सनमध्ये १९८६ च्या सुमारास सुरू झालेली अर्लांग भाषाही याच पद्धतीने चालते. ६५ चा घोळ त्या दिवसापासून बंद झाला.

पण शेतात रेंज जाते. मोबाइलने वजन पाठवलं, सर्व्हरने घेतलं आणि पोच परत येण्याआधीच नेट गेलं, तर मेसेज हरवला की पोच हरवली हे मोबाइलला कळायला मार्गच नाही. तो पुन्हा पाठवतो आणि ८ चे १६ होतात. अर्लांग काय, अक्का ही अ‍ॅक्टरसाठीची लायब्ररी काय, मेसेज पोहोचेलच अशी हमी आपणहून कोणी देत नाही.

म्हणून आता पावती क्रमांक मोबाइलवरच तयार होतो. तो क्रमांक आधी आलेला असेल तर ट्रकचा अ‍ॅक्टर वजन मिळवत नाही, फक्त पोच देतो. क्रमांक आणि वजन एकाच डेटाबेस व्यवहारात (दोन्ही लिहिले जातील, नाहीतर एकही नाही) डिस्कवर गेल्याशिवाय पोच द्यायची नाही. हे आम्ही आधी उलटं केलं होतं. सर्व्हर मध्येच बंद पडला आणि पोच दिलेली वजनं गायब झाली.

आणखी एक, दोन अ‍ॅक्टरना एकमेकांच्या उत्तराची वाट बघत बसवू नका. लॉक नसले तरी दोघेही अडकतात.

भाऊ, आजच एक मेसेज मुद्दाम दोनदा पाठवून बघा आणि बेरीज बदलते का ते इथे कळवा.