मॅडम, मी चोर आहे का?

स्पर्धा परीक्षेची मुलं माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो, पैसे नाहीत म्हणून टेलिग्रामवरून पुस्तकांच्या पीडीएफ घेतो, हे चूक आहे का? अशाच एकाबद्दल सांगते, ओळख पटेल ते सगळं बदललंय. मराठवाड्यातला मुलगा, पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन राहायचा, घरून येणारे पैसे खोली, मेस आणि अभ्यासिकेतच संपायचे.

पहिल्याच दिवशी म्हणाला, "मॅडम, उद्या अधिकारी व्हायचंय आणि आजच चोर झालोय. वाचायला बसलो की तेच डोक्यात."

चूक नाहीच असं मी त्याला सांगितलं नाही. पुस्तकामागे कुणाचे तरी कष्ट असतात, 1957 चा कॉपीराइट कायदा आहेच. पण "चूक केली" आणि "मी चोर" ह्यात फार अंतर आहे आणि माझं बरंचसं काम ह्या अंतरावरच चालतं, कारण चूक सुधारता येते, शिक्का मारून घेतला की माणूस नुसता कुढतो आणि तेच करत राहतो. हाही पीडीएफ घेतच होता.

चौथ्या भेटीत सहज विचारलं, "अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं मिळतात, गेलास कधी?"

"नाही."

"लायब्ररीत?"

"नाही."

"का रे?"

बराच वेळ खाली बघत बसला. मग म्हणाला, "तिथं भाव करावा लागतो मॅडम. मोबाईलवर घेतलं की आपल्याकडं पैसे नाहीत हे कुणाला दिसत नाही."

इतके दिवस मीसुद्धा लेखक आणि पैसे ह्यातच अडकले होते. खरं दुखणं गरिबी दिसण्याचं होतं, चोरीची टोचणी त्याच्यावरचा थर. तो रडला, मी रडू दिलं. हे त्याच्या तोंडून आलं, मला सांगावं लागलं नाही, ह्याचं मला आजही समाधान आहे.

म्हणून सगळ्यांनाच सांगते, लाज वाटेल, वाटू दे, पण विचारा. बालभारती आणि एनसीईआरटीची पुस्तकं त्यांच्याच साइटवर फुकट आहेत, आणि राज्यसेवेचा पाया तिथेच पक्का होतो. लेखक जाऊन 60 वर्षं झाली की त्याचं लेखन सगळ्यांचं होतं. चौघा रूममेटनी मिळून एक पुस्तक घ्या, आळीपाळीने वाचा. 1848 पासूनचं पुणे नगर वाचन मंदिर हे वाचनालय पेठेतून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, सभासद व्हा.

दोन आठवड्यांनी आला तो हातात जुनं पुस्तक घेऊनच, पानोपानी कुणीतरी पेन्सिलने रेघा मारलेल्या. "साठ रुपये कमी केले मॅडम, मीच मागितले." फोनमध्ये दोन पीडीएफ अजून आहेत म्हणाला, ती पुस्तकं पुढच्या महिन्यात घेणार.