रक्तवाहिन्या ‘गळतात’ म्हणजे फाटतात का?

तुमच्या भाच्याला डेंग्यू झाला, डॉक्टर म्हणाले ‘प्लेटलेटपेक्षा रक्तवाहिन्या गळतायत का, ते बघतोय’, आणि मग तुम्ही कुठेतरी वाचलंत की पेशीच्या सांगाड्यातली प्रथिनं रक्तवाहिन्यांचं अस्तर सांभाळतात. त्यावरून तुमचे दोन प्रश्न: गळतात म्हणजे फाटतात का? आणि ही प्रथिनं वाढवायला काय खायचं?

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, छोटं आहे. काहीही खाऊन उपयोग नाही. यातलं मुख्य प्रथिन म्हणजे ॲक्टिन. रविवारच्या मटणात ते भरपूर असतं, पण पोटात गेलं की त्याचे तुकडे होतात आणि ते कुठल्याही प्रथिनासारखं पचून जातं. शिवाय अस्तराच्या पेशीत ॲक्टिनचा तुटवडा कधी नसतोच. गळती होते तेव्हाही ते तेवढंच असतं, फक्त त्याची मांडणी बदललेली असते. सगळी गंमत या मांडणीत आहे, म्हणून पहिल्या प्रश्नावर जरा सविस्तर लिहितो. मी डॉक्टर नाही, पण बाळाच्या नाळेतल्या शिरेतून काढलेल्या या पेशी काही वर्षं प्रयोगशाळेत वाढवल्या आहेत.

रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो, फरशा बसवाव्यात तसा. केशवाहिन्यांत तो काही ठिकाणी १ मायक्रोमीटरपेक्षाही पातळ असतो. आता फरशा विसरा आणि कबड्डीची साखळी डोळ्यांसमोर आणा. शेजारच्या पेशी एकमेकींचे हात धरून उभ्या असतात. हे हात म्हणजे व्हीई-कॅडहेरिन नावाचं प्रथिन. ते पेशीच्या आत कॅटेनिन नावाच्या प्रथिनांमार्फत ॲक्टिनच्या तंतूंना बांधलेलं असतं. ज्यांनी साखळी धरली आहे त्यांना माहीत असतं, नुसत्या पंज्याच्या पकडीने चढाईवाला थांबत नाही. मागे खांदा लागतो. इथे तो खांदा म्हणजे ॲक्टिन.

पेशी शांत असते तेव्हा ॲक्टिन तिच्या कडेकडेने गोल कड्यासारखं बसलेलं असतं आणि पकड घट्ट राहते. पण थ्रॉम्बिन (रक्त गोठवणारं एन्झाइम) किंवा हिस्टामिन (ॲलर्जीत सुटणारं रसायन) यांसारखा इशारा आला की पेशीच्या पोटातून आरपार ॲक्टिनचे जाड दोर तयार होतात. मायोसिन नावाचं प्रथिन त्यांना ओढू लागतं, स्नायूत ओढतं तसंच. साखळीतल्या प्रत्येकाने हात स्वतःच्या छातीकडे ओढला तर काय होईल? पकड सुटेल आणि दोघांच्या मध्ये फट पडेल. माणसं मात्र धडधाकटच असतील.

म्हणजे फाटत नाही, फट पडते. १९६१ मध्ये ग्विदो मायनो आणि जॉर्ज पलादे यांनी उंदरांना हिस्टामिन टोचून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हेच पाहिलं होतं. फटी पडल्या होत्या त्या छोट्या शिरांच्या अस्तरात, दोन पेशींच्या मध्ये.

पहिल्यांदा मी वाढवलेल्या थरावर थ्रॉम्बिन घातलं तेव्हा थरातून जाणाऱ्या विजेला होणारा रोध (थर घट्ट तेवढा तो जास्त) मिनिटांत धाडकन खाली आला. मला वाटलं, सगळ्या पेशी मारल्या आपण. प्लेट टाकून द्यायला निघालो, तर प्रयोगशाळेतल्या मॅडम म्हणाल्या, ‘ठेव तिथेच, जेवून ये.’ दोनेक तासांनी आकडा जवळपास जागेवर! नंतर फॅलॉइडिनने रंगवून बघितलं (हे रसायन एका जीवघेण्या विषारी अळंबीतून मिळतं आणि ॲक्टिनच्या तंतूंना घट्ट चिकटतं). थ्रॉम्बिननंतर लगेच थांबवलेल्या पेशींत आडवेतिडवे दोर, सावरलेल्या पेशींत पुन्हा कडेची कडी.

हे दोर ताणण्याचा हुकूम ऱ्हो नावाच्या छोट्या प्रथिनाकडून सुटतो, त्याच्या हाताखालचं एन्झाइम म्हणजे ऱ्हो-कायनेज. उलट बाजूला रॅक नावाचं प्रथिन आहे, ते कडी बांधायला लावतं. रॅकला जागं ठेवणारा एक पदार्थ, एसवनपी, रक्तातल्या लाल पेशींकडून येतो, प्लेटलेटही तो सोडतात. वाहणारं रक्तच आपल्या नळीचं अस्तर घट्ट ठेवतं, हे मला अजूनही विलक्षण वाटतं. सरळ वाहत्या रक्ताच्या घासण्यानेही पेशी प्रवाहाच्या दिशेने लांबट होतात आणि त्यांचे तंतूही त्याच रेषेत लागतात. मानेतली धमनी दुभंगते तिथे प्रवाह घोटाळतो, पेशींची ही शिस्त मोडते, आणि चरबीचे थर नेमके तिथेच जास्त धरतात. तो वेगळा विषय आहे, इथे वाढवत नाही.

आता डेंग्यू. तापाच्या पहिल्या दिवसांत ‘एनएस-वन’ टेस्ट करतात ना? ते विषाणूचंच एक प्रथिन आहे. प्रयोगशाळेतल्या पेशींवर आणि उंदरांवर दिसलंय की ते अस्तरावरचा साखरेचा बुळबुळीत लेप उतरवतं आणि पेशींमधली पकडही ढिली करतं. त्यात शरीराची स्वतःची दाहक रसायनं भर घालतात. मग प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ द्रव, बाहेर झिरपतो, लाल पेशी आतच राहतात, रक्त दाट होतं. म्हणून डॉक्टर हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा वाटा, बघतात. तो मूळ पातळीपेक्षा २० टक्के चढला तर गळती चालू आहे असं धरतात. हे बहुतेक वेळा ताप उतरताना होतं, नेमकं घरच्यांना हायसं वाटतं तेव्हा. आणि आपण सगळे प्लेटलेटच्या आकड्यावर डोळे लावून बसलेलो.

मग ऱ्हो-कायनेज अडवणारं औषध का देत नाहीत? असं औषध आहे. फासुडिल जपानमध्ये १९९५ पासून वापरात आहे, पण ते मेंदूतल्या रक्तस्रावानंतर आकसणाऱ्या धमन्यांसाठी. हेच एन्झाइम रक्तवाहिन्यांच्या स्नायूतही काम करत असल्याने ते अडवलं की रक्तदाब उतरतो, आणि डेंग्यूत आधीच तो टिकवण्याची मारामार असते.

गळती साधारण २४ ते ४८ तास टिकते. मग फटी मिटतात आणि बाहेर झिरपलेलं पाणी हळूहळू रक्तात परत येऊ लागतं. तेव्हाही सलाईन तशीच धो-धो चालू ठेवली तर ते जास्तीचं पाणी फुप्फुसांवर येतं. तुम्ही लिहिलंय की ‘पोरगा अजून अशक्त होता तरी तिसऱ्या दिवशी सलाईन काढली, आम्ही भांडलो.’ डॉक्टरांनी ती बहुधा याचसाठी काढली असणार.