लाराव्हेलमध्ये चेकआउटचा कोड पाइपलाइनमध्ये तोडावा का?

लाराव्हेल या पीएचपी फ्रेमवर्कमध्ये तुमची चेकआउटची एकच मेथड तीनशे ओळींवर गेली आहे, साठा, कूपन, जीएसटी, डिलिव्हरी, पेमेंट, ई-मेल सगळं त्यातच आहे आणि सीनियरने पाइपलाइन पॅटर्न, म्हणजे कामाच्या सुट्या पायऱ्या करून डेटा एकीकडून दुसरीकडे देत नेण्याची पद्धत, सुचवलाय. तोडा, पण सगळंच पाइपलाइनमध्ये कोंबू नका.

जी पायरी कार्ट हातात घेते, त्यात काहीतरी बदलते आणि तेच कार्ट पुढे देते, तिलाच तिथे जागा. साठा, कूपन, डिलिव्हरी, कर या क्रमाने चार पायऱ्या बसतात. पेमेंट आणि ई-मेल बाहेर. कारण पूर्ण पाइपलाइन तुम्ही डेटाबेस ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळे बदल एकत्र होतात, नाहीतर एकही नाही) गुंडाळणार, साठ्याच्या टेबलमधल्या ओळी लॉक करणार, आणि पेमेंट गेटवेने उत्तराला दहा सेकंद लावले तर त्या ओळी तेवढा वेळ अडकून बसतील. शिवाय रोलबॅक झाला, म्हणजे डेटाबेसमधले बदल मागे घेतले, तरी गेलेला मेल परत येत नाही.

कार्टचा साधा क्लास करा आणि रकमा रुपयांऐवजी पैशांत, पूर्णांकात ठेवा. ब्राउझरकडून आलेल्या मागणीचा रिक्वेस्ट ऑब्जेक्ट त्यात नको, नाहीतर उद्या हाच हिशेब क्यूमधल्या, म्हणजे मागे रांगेत चालणाऱ्या, जॉबला करता येणार नाही. प्रत्येक पायरीच्या क्लासमध्ये 'हँडल' मेथड, तिला मिळतात कार्ट आणि 'नेक्स्ट' क्लोजर, म्हणजे पुढची पायरी चालवणारं निनावी फंक्शन. पाइपलाइनच्या 'सेंड'ला कार्ट द्या, 'थ्रू'ला क्लासच्या नावांची यादी, शेवटी 'देनरिटर्न'. क्लासचे ऑब्जेक्ट लाराव्हेलचा सर्व्हिस कंटेनर (लागणाऱ्या वस्तू स्वतः पुरवणारा भाग) बनवतो, त्यामुळे कन्स्ट्रक्टरमध्ये हवं ते मागता येतं.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक: 'नेक्स्ट'ला बोलावलं, पण त्याच्या आधी 'रिटर्न' लिहायचं राहिलं. पुढच्या पायऱ्या नीट चालतात, कार्टमधले आकडेही बदलतात, पण शेवटी हातात येतो नल, म्हणजे काहीच नाही. एरर मात्र भलत्याच फाइलमध्ये दिसते. याच्या उलट, 'नेक्स्ट' न बोलावता कार्ट परत केलं तर पुढच्या पायऱ्या गुपचूप गळतात आणि अर्धवट हिशेबाचं कार्ट पूर्ण असल्यासारखं बाहेर येतं. म्हणून साठा कमी पडला तर सरळ एक्सेप्शन फेका.

दुसरी गोष्ट क्रमाची, आणि ती टेस्टमधून हमखास निसटते. १००० रुपयांची वस्तू, १० टक्के कूपन, १८ टक्के जीएसटी: कूपन आधी लावा की कर आधी, उत्तर १०६२च. गुणाकारच तो! आता तेच कूपन थेट १०० रुपयांचं करा. कूपन आधी असेल तर ९०० वर कर धरून १०६२, कर आधी असेल तर ११८० मधून १०० जाऊन १०८०. बिलावर दाखवलेली सूट करपात्र किमतीतून आधी वजा होते, म्हणून १०६२ बरोबर. तेव्हा टेस्टमध्ये थेट रकमेचं कूपन घ्याच, आणि ती टेस्ट अख्ख्या पाइपलाइनवर लावा, कारण सुट्या पायऱ्यांच्या टेस्टमध्ये क्रम दिसतच नाही.

'नेक्स्ट'नंतर लिहिलेला कोड परतीच्या वाटेवर, उलट्या क्रमाने चालतो. लॉगिंगला ते सोयीचं आहे, पण हिशेब तिथे करू नका, वाचणाऱ्याचं डोकं फिरतं.

आणि पायऱ्या तीनच असतील, क्रमही बदलणार नसेल, तर तीन प्रायव्हेट मेथड एकाखाली एक बोलवा. डीबग करताना स्टॅक ट्रेसमध्ये (कोणी कोणाला बोलावलं याच्या यादीत) क्लोजरची रांग तरी दिसणार नाही.